बाजूच्या सीटचा ब्रेक

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबा अजून स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जातात. ते खरं नाही. म्हणजे स्टीअरिंगवर तेच असतात, पण ब्रेक माझा असतो. ते पत्र वाचून तू आनंदाने कळवलंस की रविवारी स्टेशनवर बाबांनीच गाडी घेऊन यावं, पिल्लू आजोबांच्या गाडीत बसायचं म्हणून आतापासून हट्ट धरून बसलंय. म्हणून आधी ही दुरुस्ती.

बाबांच्या संधिवाताने आता एकही सांधा सोडलेला नाही. सकाळी किल्ली फिरत नाही, म्हणून तिला मी लाकडाची पट्टी बांधून दिली आहे. गिअर ते तळहाताने ढकलतात. मान वळत नाही, तेव्हा रिव्हर्स घेताना मागे मी बघते आणि ‘या, या, बास’ करते. गाडी तीच, त्यांच्या ड्रायव्हिंग क्लासची. ‘शिकाऊ’ची पाटीसुद्धा काढू देत नाहीत. म्हणतात, लोक आपणहून वाट देतात, एवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नाही.

बाजूच्या सीटपुढचा शिक्षकाचा ब्रेकही तसाच आहे. आठवतं, आपल्याला शिकवताना ते खिडकीबाहेर बघत बसायचे आणि तू चिडायचीस की बाबांचं लक्षच नाही? पाय सतत ब्रेकवर असायचा. शिकणाऱ्याला आपला पाय जाणवू द्यायचा नाही, नाहीतर त्याचा धीर सुटतो, हे त्यांनी मला नंतर, मी क्लासात शिकवायला लागले तेव्हा सांगितलं. आता तेच मी त्यांच्यासाठी करते. त्यांचा घोटा वाकत नाही, ब्रेक अर्ध्यावर राहतो. उरलेला मी दाबते आणि दुकानांच्या पाट्या वाचत बसते.

त्यांना ते कळत नाही असं मी धरून चालले होते. मी दाबला की त्यांच्या पायाखालचा ब्रेकही खाली जातो, ताई. ज्याचा जन्म या गाडीत गेला त्याला हे कळणार नाही? परवा मी भीत भीत सुचवलं की पिल्लू असेल, टॅक्सी करू या. बाबा किल्लीची पट्टी चोळत शांतपणे म्हणाले, “तू बसतेस ना बाजूला? मग मला कसली भीती?”

पण गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या फाटकाशी माझा पाय उशिरा पडला. कुणाला लागलं नाही, बंपर चेपला. बाबांनी वॉचमनची माफी मागितली, दोष स्वतःवर घेतला. चुकला होता माझा पाय. बरेच दिवस सकाळी माझा घोटा सुजतो, मूठ मिटत नाही. रिपोर्ट आलाय. बाबांचंच दुखणं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर कळलं, औषधं आहेत. बाबांनाही त्या हेच म्हणाल्या होत्या, मी तिथेच बसले होते.

गाडी थांबवायला माझ्याकडे हे एकच कारण आहे. बाकी कशालाही ते ‘तू आहेस ना’ म्हणतील. हे ऐकलं की वाद न घालता किल्ली माझ्या हातात देतील. त्यानंतर रोज सकाळी ते कशासाठी उठतील, मला सुचत नाही. तुम्ही टॅक्सीनेच या. मी त्यांना शनिवारी, बारा तारखेला, सकाळच्या चहानंतर सांगणार आहे.

तुझीच,
धाकटी