अध्यक्षांच्या पेटीची दोन टोकं

ती. दादास,

मुलांनी आपल्याला न विचारता निर्णय घ्यायचे आणि त्या निर्णयांची देखभाल मात्र आपल्या गळ्यात टाकायची, या अन्यायाने गांजलेल्या समस्त वडीलधाऱ्यांनो, (श्रोत्यांत तू एकटाच आहेस हे मला ठाऊक आहे, पण चाळीस वर्षांची भाषणांची सवय एका पत्रात सुटत नाही) आज मी आपल्या सर्वांचं गाऱ्हाणं मांडायला उभी आहे. म्हणजे बसले आहे. तुझी साखर ताब्यात असेल आणि वहिनींचा गुडघा जिना चढू देत असेल अशी आशा करते. मी कंबर सोडून बरी आहे. कंबर का सोडून, ते पुढे येईल.

वहिनी, पुढच्या परिच्छेदात साप येतो. दादा चष्मा काढील आणि पत्राची घडी घालील. कृपया ते त्याच्या हातातून घ्या आणि मोठ्याने वाचा. तो उठून आतल्या खोलीत गेला तर दाराशी उभ्या राहून वाचा. बंद दारांपुढे बोलण्याचा माझ्या मुद्द्यांना सराव आहे.

तर साप. सव्वाचार महिन्यांपूर्वी तुझी लेक तो घेऊन घरी आली तेव्हा तू म्हणालास की या घरात एक तर तो राहील नाही तर मी. तू रागाने बोललास आणि तिने ते गणितासारखं ऐकलं. (हा गुण तिने कुणाचा उचलला ते मी सांगायला नको.) तासाभरात सापाची पेटी माझ्या दारात होती, आणि आठवड्याने ती स्वतः पाच महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेली. तेव्हापासून तुम्हा दोघांत अवाक्षर नाही. ती मला फोन करते, तू मला फोन करतोस, आणि मी एखाद्या टपाल कचेरीसारखी मध्ये बसून आहे.

साप बिनविषारी आहे, मीटरभर लांब, पिकल्या संत्र्याच्या रंगाचा. पुस्तकांच्या कपाटाजवळ चार फुटी काचेच्या पेटीत राहतो. मी त्याला अध्यक्ष म्हणते, कारण कितीही लांब भाषण झालं तरी तो शेवटपर्यंत चेहरा हलवत नाही आणि जेवण झालं की लगेच निघून जातो. (त्याचं जेवण, म्हणजे गोठवलेले उंदीर, माझ्या फ्रिजरमध्ये मटारच्या शेजारी असतं. वहिनी, यापुढे माझ्याकडे मटार खाऊ नका.) पेटीबरोबर तुझ्या लेकीने सूचनांची चार पानं दिली होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मी आयुष्यात जाडजूड ग्रंथ वाचले, घटना वाचल्या, क्रांत्यांचे इतिहास वाचले. ही चार पानं मात्र एका ग्रंथात खूण म्हणून घातली आणि विसरले.

थंडी सुरू झाली तसं माझं लक्ष पेटीकडे गेलं, आणि जे दिसलं त्याने माझं रक्त उसळलं. पेटीच्या एका टोकाखाली विजेवर तापणारी चटई होती. दुसऱ्या टोकाखाली काहीच नव्हतं. एकाच छताखाली एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारठा! तू मला ओळखतोस. शाळेत शिक्षकांच्या खोलीतला एकुलता पंखा मुख्याध्यापकांच्या डोक्यावर होता, तेव्हा मी काय केलं ते तुला आठवत असेल. (तो अखेर मधोमध बसवला गेला आणि कुणालाच वारा लागेना, पण प्रश्न तत्त्वाचा होता.) मी कंबर शेकायचा माझा विजेचा पॅड काढला आणि पेटीच्या गार टोकाखाली सरकवला. बटण मधल्या आकड्यावर ठेवलं, कारण टोकाची भूमिका मी उबेच्या बाबतीत घेत नाही. झाली समता.

अध्यक्षांनी पहिल्या दिवशी चार वेळा पेटीची लांबी मोजली. मला वाटलं, नव्या स्वातंत्र्याचा आनंद आहे. दुसऱ्या दिवशी ते पाण्याच्या कुंड्यात जाऊन बसले, अंगाचं वेटोळं पाण्यात आणि नाक तेवढं वर. दुपार झाली तरी उठेनात. मी ते धरणं आहे असं समजले. धरण्याला बसलेल्याची मी कधी उपेक्षा केलेली नाही, म्हणून खुर्ची ओढून समोर बसले आणि मागण्या स्पष्ट मांडल्या नाहीत तर चळवळी कशा विरून जातात यावर अर्धा तास बोलले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग कुंड्यातलं पाणी कमी झालेलं दिसलं, मी झाकण उघडून हात आत घातला, आणि तळाला टेकलेली बोटं झटकन मागे घेतली. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा तळ लागत होता.

दादा, मला आयुष्यात पुष्कळदा खाली बसवलं गेलं आहे, पण त्या क्षणी मी आपण होऊन बसले. तो प्राणी दोन दिवस आपली मागणी इतकी स्पष्ट मांडत होता, आणि मी त्याला मागणी कशी मांडावी ते शिकवत होते. पॅड उपटून काढला. जनावरांचे डॉक्टर आले. पोटावर दोन बोटं रुंद लाल पट्टा उठला होता. मलम दिलं, दोन-तीनदा कात टाकली की डाग जाईल म्हणाले. मग त्यांनी विचारलं की घरात कुणी सूचना वाचल्या नव्हत्या का. मी म्हणाले, वाचणारी मी एकटीच, आणि मी ग्रंथ वाचत होते.

त्या संध्याकाळी मी ती चार पानं वाचली. सापाला स्वतःची ऊब नसते. जेवण पचवायचं तर तो उबेकडे जातो, पुरे झालं की गारव्याकडे येतो, म्हणून पेटीला दोन टोकं लागतात: एक एकतीस अंशांचं, दुसरं चोवीस-पंचवीसचं. सगळीकडे सारखी ऊब केली तर त्याला जायला जागाच उरत नाही. (माझ्या चाळीस वर्षांच्या भूमिकेत ही एक दुरुस्ती मी मान्य करते. फक्त सापांपुरती.) पोट भाजतंय हे त्याला वेळेवर कळत नाही, म्हणून चटई थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावायची नाही, आणि थर्मोस्टॅटच्या वायरीचं टोक चटईवरच पक्कं चिकटवायचं. ते निसटून बाहेर लोंबलं तर खोलीचा गारठा मोजत बसतं आणि पेटी तापवत राहतं.

आणि मग नववी सूचना. ती जशीच्या तशी उतरवते: ‘आत्या, रोज सकाळी आकडा मोठ्याने वाच. मनात वाचलेला आकडा आपण आपल्याला हवा तसा वाचतो. हाताला विचारू नकोस, काचेला विचार.’

वहिनी, इथे जरा थांबा आणि दादाकडे बघा.

एकतीस वर्षं तू अंडी उबवायच्या केंद्रात तापमान सांभाळलंस. एका खोलीत चाळीस हजार अंडी, आणि पारा अर्ध्या अंशाने हलला तर तू जेवायला बसायचा नाहीस. शंका आली की अंडं मिटल्या पापणीला लावून बघायचास आणि मग काचेच्या थर्मामीटरकडे वळायचास. सुट्टीच्या दिवशी लेकीला बरोबर न्यायचास. सहा वर्षांची पोर स्टुलावर उभी राहून पाऱ्याचा आकडा मोठ्याने वाचायची आणि तू वहीत लिहायचास. ती चार पानं तुझीच आहेत, दादा. इंग्रजी सातच्या पोटातली आडवी रेघसुद्धा तुझी आहे. तिने तुझं घर सोडलं, तुझा एकही नियम सोडला नाही.

तिला फोन करून मी सगळं कबूल केलं, समतेसकट. मला वाटलं आता रागावेल. पण ती हळूच म्हणाली, “आत्या, बाबांना विचारलंस का?”

मी म्हणाले, अगं, तुझे बाबा सापाचं नाव काढलं की फोन ठेवतात.

“सापाबद्दल नको विचारूस,” ती म्हणाली, “तापमानाबद्दल विचार.”

तेव्हा विचारते. पेटीत दोन थर्मामीटर आहेत, दोन्ही आकडे दाखवणारे. उबेच्या टोकाशी दोन्ही शेजारी ठेवले तर एक म्हणतो एकतीस, दुसरा म्हणतो अठ्ठावीस. सभेत मी मतदान घेतलं असतं, पण इथे मतं समसमान आहेत आणि अध्यक्ष निर्णायक मत देत नाहीत. एकदा पोट भाजलेल्या प्राण्याच्या बाबतीत मला अंदाजाने चालायचं नाही. यांचा निवाडा करील असा एकच थर्मामीटर मला माहीत आहे. तो तुझ्या कपाटात स्वेटरांमागे लाकडी पेटीत आहे. केंद्र सोडताना तू तेवढाच मागून घेतला होतास.

सापाला हात लावायची गरज नाही. त्याच्याकडे बघायचीही नाही. फक्त काच बघायची.

तुझी धाकटी बहीण
(घरात आवाजाने थोरली)

ता. क. पॅड मी आता कमरेलाही लावत नाही. मधल्या आकड्यावरचा विश्वास उडाला. वहिनी, तुमच्याकडची रबराची पिशवी मिळाली तर बरं होईल.

ता. क. दुसरा. तुझ्या लेकीचं प्रशिक्षण महिनाभर आधीच संपलं. शनिवारी दुपारी बाराला ती माझ्याकडे येते आहे. तू येशील असं मी तिला सांगितलेलं नाही, कारण तू येशील की नाही हे मलाच ठाऊक नाही. पेटीजवळ स्टूल ठेवलं आहे.

ता. क. तिसरा. खोटं बोलून मी आजवर एकही सभा जिंकलेली नाही, म्हणून हेही लिहिते. दुसऱ्या थर्मामीटरची बॅटरी संपत आली होती. काल बदलली. आता दोन्ही एकतीस दाखवतात, आणि मी ते मोठ्याने वाचलं आहे. तरीही शनिवारी बाराच्या आत तुझा थर्मामीटर घेऊन ये.