दोन मिलिमीटरची खोडी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मशीनच्या मापाचा काटा दोन मिलिमीटर सरकवला! योगिनी चहा ठेवायला आत गेली होती. स्क्रू ढिले, काटा जरासा उजवीकडे, स्क्रू घट्ट – चहा उकळायच्या आत काम फत्ते.

लेकीने हे लाकूड कापायचं मशीन, टेबल सॉ, घेतल्यापासून कारखान्यात मला कोण विचारतो? पात्याशेजारच्या आडपट्टीला लाकूड टेकवायचं, काटा तीनशेवर आणायचा, तुकडा बरोब्बर तीनशेचा. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस मोतीबिंदू काढल्यापासून पडवीत पेपर वाचतोय. मला तिथे परत जायचंय. बस.

दुपारी हाक आलीच. "बाबा, जरा बघता का? माप चुकतंय."

मी सावकाश गेलो. "टेपचं टोक हलतंय गो. दहा सेंटीमीटरपासून माप घे." ऐटीत घेऊन दाखवलं – तीनशे अठ्ठ्याण्णव!

"त्यातले शंभर वजा करा, बाबा."

५ नोव्हेंबर

तिने काटा जागेवर आणलेला. परत दोन. ती म्हणते, मशीन हादरून काटा सरकत असेल. मी म्हटलं, असेल बाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकच सरकवला, चव बदलायला. तिने मोबाइलवर व्हिडिओ बघितले, पातं बदललं, आडपट्टी पुढून-मागून मोजली. मी रंगाच्या डब्यावर बसून मान डोलवत होतो. कंबर धरली, पण मजा आली. नुकसान काही नाही – पहिला तुकडा ती नेहमी भंगारातलाच कापून बघते.

१० नोव्हेंबर, सोमवार

तीन! हाव सुटली. नेमका आरे-वारेचा सर्वेश आला. त्याच्या होमस्टेच्या खिडक्या शनिवारी द्यायच्यात. मी त्याच्यासमोरच म्हटलं, "मशीन परत कर, मी हाताने कापून देतो." योगिनी हसली. अशी का हसली कोण जाणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन सरकवला आणि घात झाला. माळ्यावर बारा वर्षं जपलेली फणसाची फळी तिने आज काढली. भंगाराचा तुकडा न कापता थेट तीच लावली. "आखूड झाली, बाबा. फुकट गेली." एवढंच बोलली आणि आत गेली.

जेवण गेलं नाही. नालायक म्हातारा आहे मी. मला फक्त तिची हाक हवी होती, आणि त्यापायी पोरीचं काम बिघडवलं. फार वाईट वाटतंय.

१२ नोव्हेंबर

काट्याला हात लावला नाही. पडवीतच बसलो. उद्या सगळं सांगून टाकणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगायला गेलो. मशीनशेजारी नवं स्टूल. बैठक पिवळीधमक, फणसाची.

"बसा. डब्यावर कंबर मोडते तुमची."

सुतार नवं स्टूल आधी उलटं करतो, सांधे बघतो, मग बसतो. मीही केलं. बुडाशी पेन्सिलीने, तिच्या अक्षरात –

४ तारीख, दोन. ५, दोन. ७, एक. १०, तीन. ११, दोन.

१२, सरकवला नाही. बाबांना बरं नाही की काय?