पाकळ्या नसलेलं फूल

२ मार्च, रविवार

मिरच्यांवर पुन्हा पिठ्या ढेकूण. ऊन यायच्या आत बागेचा साबण पाण्यात कालवून फवारला, पानं उलटी करकरून. नंतर कॉरिडॉर धुतला, नाहीतर शेजारच्या आंटी घसरतील.

दुपारी मराठी मंडळातल्या शलाकाचा फोन. नवऱ्याला, नंदनला, कॅन्सर निघाल्यापासून तिच्या फोनवर औषधं, रिपोर्ट, हॉस्पिटल, एवढंच असतं. आज एकदम झाड! "ताई, लाल कोळी झालेत, बारीक जाळी धरलीय. तुझा तो साबण फुलावर आलेल्या झाडाला चालतो का?"

कुठलं झाड विचारलं. "आहे एक."

मंडळाच्या बागकाम ग्रुपवर मीच डॉक्टर, त्यामुळे असले फोन येतात. पण शलाकाने आजवर मनीप्लांटही जगवलेला नाही.

५ मार्च

फोटो मागितला. पाठवला नाही. तीनदा मागितला.

तिचे मेसेज: झाड बाल्कनीत नाही, आत आहे. दिवा लावलाय. फुलांना पाकळ्या नाहीत. चिकट आहेत, वर साखर भुरभुरल्यासारखं.

मी नेहमीचंच सांगितलं. भांड्यांचा साबण अजिबात नको, पानं जळतात. आधी एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघ. दिवा बंद असताना मार. पानांच्या खालच्या बाजूला. फुलांवर नाही.

"फुलांवर का नाही?"

"आत साबण अडकतो, ओल राहते, इथल्या दमट हवेत बुरशी धरते."

अंगठा आला. बस.

पाकळ्या नसलेलं, चिकट, घरात दिव्याखाली वाढवलेलं फूल. शोभेचं असतं तर तिने फोटो आधी स्टेटसला टाकला असता.

६ मार्च

मूर्खपणा केला. श्रीधरच्या लॅपटॉपवर शोधलं. चिकट फूल, लाल कोळी, साबण, एवढंच टाकलं, आणि समोर पानंच्या पानं. सगळी गांजाची. अमेरिकेतले लोक खुशाल चर्चा करतायत, फुलोऱ्यात साबण मारावा की नाही. तंतोतंत शलाकाचं वर्णन. एकाने लिहिलेलं, केमोच्या उलट्या याने थांबतात, भूक लागते.

इरा मागून डोकावली, इथल्या पोरांच्या बोलीत किंचाळली. "मम्मा! हे काय सर्च करतेयस? कान्ट लाह! दे विल नो!" सतरा वर्षांची पोर, शाळेत दरवर्षी यावर व्याख्यानं ऐकलेली. तिला सांगितलं, मिरच्यांसाठी बघत होते. तिचा विश्वास बसला नाही.

लॅपटॉप श्रीधरच्या ऑफिसचा आहे हे नंतर लक्षात आलं.

९ मार्च, रविवार

पिठलं-भात घेऊन ईस्ट कोस्टला गेले, शलाकाकडे. दार उघडताच धुपाचा लोट. ही बाई गणपतीतसुद्धा आरतीला उशिरा येते, आणि भर दुपारी धूप!

नंदन हाडांचा सापळा झालाय. गेल्या महिन्यात तो दोन घास खाऊन बेसिनकडे धावला होता. आज शांतपणे जेवला. पुन्हा पिठलं मागितलं. मिरचीचा ठेचा आहे का, म्हणाला! मी शलाकाकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती.

"नवीन गोळ्या लागू पडल्या वाटतं," मी म्हटलं.

"हो, गोळ्या," ती म्हणाली. जरा घाईनेच.

शेल्टरचं, म्हणजे इथल्या घरांत बॉम्बपासून आसऱ्याला असते त्या बिनखिडकीच्या खोलीचं, पोलादी दार बंद होतं. पूर्वी ते सताड उघडं असायचं, आत सूटकेसा आणि इस्त्रीचं टेबल. आता सूटकेसा पॅसेजमध्ये.

बरं वाटलं की भीती वाटली? दोन्ही. तो जेवला हे मात्र खरं.

१० मार्च

ऑफिसात होते, तिचा मेसेज. "ताई, चुकून फुलांवर साबण उडालाय. वाळल्यावर ते फूल तापवलं तर काही अपाय होतो का?"

तापवलं तर.

वाचून मोबाइल पालथा ठेवला. परत पाहिलं तर मेसेज तिने काढून टाकलेला. म्हणजे तिलाही कळलं, काय लिहून बसली ते.

११ मार्च

श्रीधरला सांगितलं. न सांगून करते काय.

तो आधी चिडला, मग घाबरला. "रेवा, या देशात त्या झाडाला माफी नाही. तिने विचारलं, तू सल्ला दिलास. आपलं नाव तिच्या फोनमध्ये आहे."

"मी मिरच्यांना देते तोच सल्ला दिला."

"हे तू पोलिसांना सांगणार?"

म्हणतो, एकतर कळवून टाकायचं, नाहीतर तिचं तोंड बघायचं नाही. मी म्हटलं, मी काही पाहिलेलं नाही. वाटणं आणि पाहणं यात फरक आहे. तर म्हणे, म्हणूनच आत्ताच थांब.

शलाकाने दुसऱ्या कुणाला का नाही विचारलं? मी जवळची म्हणून, की मी बोलणार नाही म्हणून? की मी सांगितलं तर मीही अडकेन म्हणून? असलं मनात येतं याचीच शिसारी येते. येतं तरी.

१५ मार्च, शनिवार

घरी नको, बाहेर भेटू म्हटलं. ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांपाशी, बसलो. समोर समुद्रात जहाजं उभी. आजूबाजूला मराठी-हिंदी समजणारं कुणी नाही ना, हे दोघींनीही वळून पाहिलं. दोघींनीही!

सरळच विचारलं, "झाड कसलं आहे?"

"अंबाडी."

"अंबाडीला पाकळ्या असतात, शलाका. मोठाल्या. पिवळ्या."

ती उसाच्या रसातला बर्फ ढवळत राहिली. "मग नसेल अंबाडी."

पुढे विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं की मला माहीत असेल. पण जे सांगायला आले होते ते सांगितलं. साबण पडलेलं फूल वापरायचं नाही. धुऊन नाही, वाळवून नाही. पोटात गेलं तर एक वेळ पोट बिघडेल, पण तापवून छातीत जाणारं काय करेल ते कुणालाच नीट माहीत नाही. आणि ज्याच्या अंगात औषधांनी काही उरलेलंच नाही त्याच्या बाबतीत तर... टाकून दे. इथून पुढे फुलोऱ्यात साबण बंद. कीड लागलेली पानं खुडायची, खालून नुसत्या पाण्याचा हात फिरवायचा, पंखा लावायचा.

"सगळं टाकायचं?" तिचे डोळे भरले. मिरची असती तर रडली नसती.

उठताना म्हणाली, "ताई, तू कुणाला..."

"काय?"

"काही नाही."

म्हणजे तीही माझ्यावर नजर ठेवून आहे.

१९ मार्च

आज रजेवर. बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर दोन गणवेशातले. पोलीसच आले असं वाटलं.

डासवाले निघाले. डेंग्यूची तपासणी. कुंड्यांखालच्या बशा उचलून टॉर्च मारून बघितल्या. त्यातल्या बाईने फवाऱ्याची बाटली हातात घेतली. "धिस वन वॉट?"

"सोप. ओन्ली सोप." आवाज इतका कापला की तिने बाटली हुंगून पाहिली. मग हसली. "गुड चिली, आंटी."

गेल्यावर शलाकाला फोन लावला. का लावला?

"आमच्याकडे डासवाले येऊन गेले."

"बरं."

"तुमच्याकडेही येतील कधीतरी. घरभर बघतात."

मग अगदी हळू, "थँक यू, ताई."

फोन ठेवल्यावर समजलं मी काय केलं ते. आता 'मला काय माहीत' म्हणायची सोय राहिली नाही. श्रीधरला सांगितलेलं नाही.

२३ मार्च, रविवार

शलाका येऊन गेली. नंदनला नाशिकला आईकडे जायचंय. डॉक्टरांनी पंधरवड्यापुरतं जाऊ दिलंय. घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "बाल्कनीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला पाणी घालशील?"

बाल्कनीत तुळस आहे हे मला आजच कळलं.

ती लिफ्टमध्ये शिरते न शिरते तोच श्रीधर म्हणाला, "परत कर. ज्याच्याकडे किल्ली, माल त्याचा, असं धरून चालतात इथे. सिद्ध आपण करायचं असतं."

"तिने विश्वासाने दिलीय."

"की पकडलं जायला दुसरं कुणीतरी असावं म्हणून?"

हे मीही मनात म्हटलं होतं. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र संताप आला. किल्ली पर्समध्ये टाकली. तो जेवायला बसला नाही.

२७ मार्च

ऑफिसातून परस्पर गेले. लॉबीतल्या गार्डने वहीत नाव लिहायला लावलं. लिहिलं. पर्याय नव्हता.

तुळस आहे खरी. नवीनच आणलेली, कुंडीला नर्सरीचं लेबल तसंच. कढीपत्ता सुकत आलाय. दोघांना पाणी घातलं.

शेल्टरला कुलूप. दाराला नाक लावलं, बाई मी! धुपाशिवाय काही नाही. कान लावला. आत पंखा फिरतोय असं वाटलं, की फ्रिजचा आवाज होता? फ्रिज भिंतीपलीकडेच आहे. दोनदा जाऊन ऐकलं. ठरवता आलं नाही.

टाकलं असेल तिने सगळं. जाण्याआधी टाकलंच असणार. नाहीतर मला किल्ली दिली असती का?

की म्हणूनच दिली?

२९ मार्च, शनिवार

सकाळी व्हिडिओ कॉल. नाशिकचं अंगण, मागे नंदन खुर्चीत, शाल गुंडाळून. त्याने हात केला. पुन्हा उतरलाय. शलाका कॅमेरा घेऊन लांब गेली. "काही राहत नाही पोटात. पाणीसुद्धा उलटतंय. आई रडतायत."

लिंबू चोखायला दे म्हटलं. लिंबू!

श्रीधर आंघोळीला गेला तेवढ्यात तिचा मेसेज आला.

"आम्ही सोमवारीच निघतोय. शेल्टरची किल्ली फ्रिजवर, तांदळाच्या डब्यामागे. पाणी थोडंच. फुलांवर नको."

वाचून झाला. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला नाशिकला दिसल्या असणार. उत्तराची वाट बघत असेल.

बाथरूममधलं पाणी बंद झालं. मोबाइल हातातच आहे.