कोंडाबाईच्या विहिरीवरचं हेलिकॉप्टर

अहमदपूर, जि. लातूर
(मामा, पाकिटावर आता उस्मानाबाद लिहू नका. जिल्हा बदलला, पण आमची टपालं अजून जुन्या जिल्ह्यात फिरून येतात.)

तीर्थरूप गुरुपादप्पा मामांच्या चरणी पंचाक्षरीचा शरणार्थ. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला बसला असेल. देगलूरकडं अजून पाणी आहे म्हणतात. इथं आम्ही अंघोळीची नुसती आठवण काढतो.

मी आणि मकसूद काय उद्योग करून राहिलो, असं तुम्ही विचारलंत. विहिरी आटल्या म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून ते दुरुस्त करणारा मकसूद बंद, आणि त्याच्या दुकानात बसून चहा पिणारा मीही बंद. म्हणून आम्ही हेलिकॉप्टर बांधलं. (हसू नका. वरून बघितलं तर कुठं ओल आहे ते कळेल, असा त्याचा विचार होता आणि मला तो पटला होता.) सांगाडा पायपांचा, इंजिन मोडीतल्या जीपचं. अडलं ते वरच्या मोठ्या पंख्यावर. पाती लांब केली तर उचल जास्त, पण टोकं लोंबायची. आखूड केली तर इंजिन नुसतं ओरडायचं, रुंद केली तर बंद पडायचं. पात्यांना जरा तिरपा कोन दिला तेव्हा यंत्र एकदाचं हललं. पण शेपटाचा छोटा पंखा बसवायचा राहिला होता, त्यामुळं वर पंखा एकीकडं आणि खाली मकसूद दुसरीकडं असा गरगरला, की उतरल्यावर माझ्याशी बोलायचं सोडून तो लिंबाच्या झाडाशी बोलला.

आवाजाची गल्लीत ओरड झाली म्हणून यंत्र कोंडाबाईच्या रानात नेलं. ही एकटी राहणारी म्हातारी. तिची विहीर कोरडी ठाक. विहिरीवर सागवानी वासे आडवे होते, त्यांवर यंत्र ठेवून दोरांनी बांधलं. भर दुपार. झाडाचं पान हलत नव्हतं, इंजिन आम्ही सुरूच केलं नव्हतं. आणि पंखा फिरू लागला. उलटा.

"वारा असंल," मी म्हणालो.

"वारा कुठाय?" मकसूद म्हणाला.

विहिरीवर हात धरला तर खालून गार हवा येत होती. मग ती थांबली, पंखाही थांबला, आणि हवा आत जाऊ लागली, माझी टोपी घेऊन. (ती पडल्याचा आवाज अजून आलेला नाही.)

कोंडाबाई शेण्या वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "भिऊ नका. पाणी गेलं तवापासून दम घेती ती."

त्या दिवसापासून मकसूद इंजिनासाठी नव्हे, विहिरीसाठी पाती तासू लागला. पातळ, टोकाकडं निमुळती, उलट्या कोनाची. जरा तासायचा, वाशांवर वाकून ऐकायचा, मान हलवून पुन्हा तासायचा. "कोणाला विचारून राहिलास?" म्हटलं, तर म्हणाला, "तिला लांबच पायजे." शेवटी त्यानं इंजिनच काढून टाकलं. त्याची बायको गौसियाभाभी माझ्याकडं रडत आली. "भाईजान, झोपेत बी ह्यांचा श्वास तिच्याच चालीवर हाय." मी समजूत घालायला गेलो, तर थोड्या वेळानं माझाही श्वास त्याच चालीवर पडायला लागला, म्हणून उठून आलो.

परवा विहिरीनं फार मोठा दम सोडला. मकसूद आत बसलेला. आवाज कसला नाही, नुसती पंख्याची सावली जमिनीवर फिरत होती. यंत्र वाशांवरून उठलं, दोर ताणले. बऱ्याच उंचीवरून तो ओरडला, "पंचाक्षरी, पाणी दिसून राहिलं! लई पाणी!"

"कुठं?"

"खाली न्हाई रे. वर!"

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला भाचा,
पंचाक्षरी

ता. क. तुमच्या आडाचा लांब दोर एसटीनं तातडीनं पाठवा. इथं होते ते सगळे जोडून झाले.

आणखी एक. मकसूद अजून उतरलेला नाही. विहिरीनं तो दम परत घेतलेला नाही. घेईल तेव्हा तो खाली येईल, पण किती खाली, याची काळजी आहे. तोवर आम्ही तिथं कुजबुजतच बोलतो. गौसियाभाभी फडक्यात भाकरी बांधते, तो दोरानं वर ओढून घेतो आणि फडकं खाली सोडतो. फडकं ओलं येतं.