पाठमोरे सर

प्रिय कडूबा,

परवा तुझी आई भेटायला आली होती. पिशोरहून एसटीनं आली, मांडीवर ज्वारीची पिशवी घेऊन.  निघताना आक्काबाई दारात म्हणाल्या, "पळणं सोडलं म्हणतो, पण सकाळी बूट दवानं ओले असत्यात. मी काय येडी हाय व्हय?" हे, तुझे सर, गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

दहाव्याला तू आला नाहीस, त्याचा राग नाही. तुझ्या मनात काय आहे ते आईनं सांगितलं. त्या सुईचंही सांगितलं. राष्ट्रीय स्पर्धेआधी तू उतरलेला दिसलास, म्हणून त्यांनीच गावातल्या डॉक्टरांना ताकदीची सुई द्या म्हणून गळ घातली. आपल्याकडे कोण मागत नाही? तापातून उठलं की मागतात, लग्नघरात दमलं की मागतात. त्या सुईत काय होतं ते तुझ्या तपासणीत निघालं आणि तुझ्यावर चार वर्षांची बंदी आली. चौकशीत तू आईचं नाव काढलं नाहीस. तुझे सर घरी एकदाच बोलले होते, "कडूबा चोरी करून पळणारा नाही." मग तो विषय बंद.

तू शहर का सोडलंस, तेही आता कळलं. हिमायत बागेच्या रस्त्यानं तू एकटा पळायचास आणि तुला पाहिलं की सर कठड्यावर पाठ करून बसायचे. सरांनीच पाठ फिरवली, आता कुणासाठी पळू, असं तू आईला म्हणालास.

अरे, मग ते रोज पहाटे तिथं कशाला जात होते? त्या कठड्यावर बसून यांची कंबर धरायची. पण यांना नियमाचं फार. बंदी आहे तोवर शिकवायचं नाही, वेळ घ्यायची नाही. म्हणून स्टॉपवॉच घरी ठेवायचे. तुला पळताना पाहिलं तर तोंडातून काहीतरी निघणारच, म्हणून पाठ करायचे. आणि ऐकायचे. घरी येऊन मला सांगायचे, "डावा पाय जड पडतोय." नाहीतर, "आज चढावर दम टिकला गड्याचा." मी भाजी निवडता निवडता ऐकायची. त्यालाच सांगा की, म्हटलं, तर म्हणाले, "सांगितलं की शिकवणं झालं." तू गावी गेल्यावरही हे जात राहिले. कुणी पळत गेलं की पाठमोरेच ओळखायचे, हा कडूबा नव्हे.

यांची शिट्टी अजून खुंटीवरच आहे. काढवत नाही.

स्टॉपवॉच मात्र काल काढलं आणि त्यात नवा सेल घातला. तुझी बंदी संपत आली आहे. शेवटच्या दोन महिन्यांत सराव सुरू करायला नियमाची आडकाठी नाही, मी संघटनेत जाऊन विचारून आले. हे ऐकून यांनी शिट्टीच मारली असती. मला शिकवता येत नाही, ते मैदानावरचे नवे सर बघतील. पण वेळ घेता येते. रविवारी सकाळी मी त्याच कठड्यावर बसेन, रस्त्याकडे तोंड करून. येताना डावा पाय जरा हलका टाक.

वाट पाहते.

तुझीच,
आशाकाकू