डाव्या पायाची सवय

किसो, १८ नोव्हेंबर

चि. शूहेई यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

डोंगरावरची पानं झडली. पडवीत मुळे वाळत टांगून झाले. ओसाकात अजून एवढा गारठा नसेल. माझी तब्येत उत्तम आहे, गुडघ्याचं विचारू नकोस.

पितरांच्या सणाला अर्ध्या ताटावरून उठून गेलास, त्यानंतर तुझा फोन नाही. "आई, वय झालं, आता लायसन परत कर," एवढंच तू म्हणाला होतास. मी म्हणाले, "ज्याच्या लायसनवर 'फक्त ऑटोमॅटिक' असा शिक्का आहे, त्याने मला गाडी शिकवू नये." लागलं असेल तुला. मलाही नंतर भात गोड लागला नाही.

पण माझं मत तेच आहे. गाडी चालवायची तर क्लचची. ऑटोमॅटिकमध्ये माणूस नुसता बसून असतो. आपली लाल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये खिंड चढते तेव्हा तिचा आवाज ऐकावा! कुठे दमते, कुठे खुशीत येते, सगळं तळपायाला कळतं. तू शाळेत जायला लागलास त्या वर्षी घेतली, आणि अजून दर तपासणीत पहिल्या फटक्यात पास होते. अशी गाडी मिळायला नशीब लागतं.

आणि मोटारसायकल? तिची सर कशालाच नाही. लग्न होऊन आले तेव्हा आपल्या दुकानातला टोफू मीच पोचवायची, तो पाण्यात बुडवून ठेवलेले डबे मागे बांधून. वळणावर पाणी सांडलं की सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, लोकांना टोफू द्यायचाय, रस्त्याला आंघोळ नाही घालायची!" मोटारसायकलवर माणूस वाऱ्यापावसाचा असतो, गाडीत बसला की घरचा होतो. मला दोन्ही मिळालं. बायकांत तरी या खोऱ्यात माझ्याइतकी मजा कुणी केली नसेल.

तू पाठवलेल्या पांढऱ्या ऑटोमॅटिक गाडीलाही मी नावं ठेवत नाही. सीट ऊबदार करते, मागे घेताना ओरडून सांगते. शेजारची तोकिवा तर तिच्यावर खूश आहे. म्हणते, "हिच्यात बसलं की चांगली सून मिळाल्यासारखं वाटतं बघ. टोकते, पण काळजीने."

त्याच गाडीतून मागच्या आठवड्यात तोकिवाला गरम झऱ्यावर न्हायला घेऊन निघाले होते. शाळेजवळ सिग्नल पिवळा झाला. मी जन्मभर करते तेच केलं, डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबला. त्या गाडीत क्लच नाही, शूहेई. पाय पडला तो ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थिजली. मागून मुळ्यांनी भरलेला छोटा ट्रक येत होता, तो हातभर अंतरावर थांबला. दोन मुळे उडून आमच्या टपावर आले.

तोकिवाचा खांदा पट्ट्याने काळानिळा झाला. श्वास परत आला तशी म्हणाली, "फुसाए, सिग्नलला एवढं वाकून नमस्कार करतात होय गं?" आम्ही दोघी खूप हसलो. पण मागच्या माणसाची माफी तिनेच उतरून मागितली. मला स्टिअरिंग सोडवेना.

तू म्हणशील, मग लाल गाडीच चालव ना. तेच तर लिहायचं टाळत होते. वसंतापासून तिचा क्लच माझ्या गुडघ्याला झेपत नाही. खिंडीच्या चढावर एकदा पाय सुटला आणि गाडी दरीच्या बाजूला मागे सरकली. हँडब्रेकने वाचले. सणाला तुझ्याशी भांडले तेव्हा हे मला ठाऊक होतं. जुनी चालवायला गुडघा नाही, नवी चालवायला सवय नाही. आणि त्या चौकातून पोरं रस्ता ओलांडतात.

उद्या बसने जाऊन पोलीस ठाण्यात लायसन परत करते. बदल्यात एक कार्ड देतात, बसच्या भाड्यात सूट. आपल्याकडे बस येते दिवसातून तीनदा, पण सूट आहे हो! तू सांगितलंस म्हणून करते आहे असं समजू नकोस. आज लाल गाडी पुसताना रडले. मनापासून रडले, आता बरं वाटतंय.

पांढरी तू घेऊन जा. लाल विकायची नाही. तिने काहीच वाईट केलेलं नाही. तू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये थोडे तास घालून तुझ्या लायसनवरची ती अट काढून घे, आणि खिंडीतलं बर्फ वितळलं की ये. गाडी तू चालव. गिअर कितीही कुरकुरला तरी मी एक अक्षर बोलणार नाही.

बोलेन. पण हळू बोलेन.

चावी नेहमीच्या जागी, चपलांच्या कपाटावर आहे.

वाट पाहणारी,
यापुढे डावीकडच्या सीटवरची,
तुझी आई