जुन्या नंबरचा नमस्कार

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

आलं: संदेशचा जुना मोबाईल — फुकट. त्याला काच १२०, कव्हर ८०. सुपाऱ्या, जानवी, कापूर, अष्टगंध — १९५. तांदळाची पिठी घरचीच.

मोबाईल माझ्यासाठी. यांच्याकडे बटणांचाच आहे, गेल्या दिवाळीत जुना फोन बिघडला तेव्हा संदेशनेच नव्या नंबरासकट दिलेला. आज घोडबंदरहून डोंबिवलीला यायला त्याला दोन तास लागले म्हणून आल्यापासून घड्याळ बघत होता. तरी बसून फेसबुक लावून दिलं.

मी विचारलं, "यात आपल्या भावकीचा ग्रुप दिसेल का रे?"

"तो व्हॉट्सअपवर असतो आई. तुला कोणीतरी ॲड करायला लागेल. करतील ते. तोवर हे बघ, सगळ्या जगाच्या बातम्या आहेत."

मला जगाचं काय करायचंय. गावाकडून गेल्या दिवाळीपासून फोन नाही. दरवर्षी गणपतीच्या आधी भिवाभावोजी विचारतात, "सहद्या, मूर्ती सांगितलीस काय?" यांचे चुलतभाऊ, पण एका ताटात जेवलेले. यंदा चतुर्थी तीन दिवसांवर आली तरी काही नाही! मी म्हटलं, आपण लावूया फोन. हे म्हणाले, "मोठ्याने आधी विचारायचं असतं. विसरले असतील तर विसरू दे." आणि पेपर वर धरला.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. एकवीस मोदक केले, एक फुटला. शेजारी चार ताटं दिली.

फेसबुकवर अख्ख्या महाराष्ट्राचे गणपती पाहिले. आमच्या गावच्या घरातला एकही नाही. प्रीतम (भिवाभावोजींचा मुलगा) दरसाल आरास टाकतो असं संदेश सांगायचा. मग यंदा कुठे आहे? आम्हाला दिसू नये असं करता येतं म्हणे त्यात. तसं केलं असेल काय?

गुरुवार, २८ ऑगस्ट

दीड दिवसाचं विसर्जन झालं. "पुढच्या वर्षी लवकर या" सगळे ओरडले. हे नाही ओरडले. मी ऐकत होते.

बुधवार, ३ सप्टेंबर

फजिती! फेसबुकवर बातमी आलेली — उद्यापासून आपले सगळे फोटो कंपनीच्या मालकीचे होणार, हा मजकूर उतरवून टाका म्हणजे होणार नाहीत. मी टाकला. वर "श्री स्वामी समर्थ" लिहिलं. संदेशचा फोन — "आई, काढ ते आधी! दहा वर्षं फिरतंय. माझ्या ऑफिसातली माणसं हसतायत."

मग खरं काय आणि खोटं काय हे कळायचं कसं? पूर्वी तार आली की खरंच असायची.

शनिवार, ६ सप्टेंबर

अनंतचतुर्दशी. गावाहून काही नाही.

बुधवार, १० सप्टेंबर



दुपारी फेसबुकवर गावच्या शाळेचं पान सापडलं. त्यात भिवाभावोजींचा फोटो. हार घातलेला. खाली — भावपूर्ण श्रद्धांजली. गेले २० ऑगस्टला.

२० ऑगस्टला! म्हणजे दहा दिवसांचं सुतक चालू होतं आणि मी गणपती बसवला. सोवळं नेसून मोदक केले. ते मोदक शेजारपाजारी वाटले. भावकीत कुणाचे गणपती का दिसले नाहीत ते आता कळलं. त्यांनी बसवलेच नव्हते. सुतकात कोण बसवेल!

आधी वाटलं, खोटंच असेल, त्या फोटोंच्या बातमीसारखं. यांना दाखवलं. यांनी चष्मा पुसला, परत पाहिलं. उठून मोरीत गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गार पाणी ओतून घेत राहिले. बाहेर आले तेव्हा एवढंच — "सुतक कळवायच्या लायकीचेसुद्धा राहिलो नाही आपण."

भावकीत माणूस भांडतो, बोलणं टाकतो, पण सुतक कळवतो. शत्रूलाही कळवतात. ते कळवलं नाही म्हणजे आपण त्यांचे कोणी नाही.

देवांवर पडदा ओढला. आज दिवा नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

गुरुजी म्हणाले, "नकळत झालं, दोष नाही. उशिरा कळलं, आता तीन दिवस पाळा." तीन दिवसांनी आमचं सुतक फिटेल. पण त्या मूर्तीसमोर मी उभी होते, ते कसं फिटणार?

यांनी दाढी केली नाही. जेवले अर्धी भाकरी.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

यांना न सांगता मी हौसावहिनींना फोन केला. भिवाभावोजींच्या पत्नी, माझ्या थोरल्या जाऊ. वाटलं होतं रडतील. त्या गारच.

"आता आठवण झाली काय गो?"

मी म्हटलं, वहिनी, आम्हाला कळवलं नाहीत.

"कळवलं नाही कसं? प्रीतमने ग्रुपवर टाकलं. सगळ्यांच्या आधी सहदेवभावोजींनी हात जोडले. नुसते हात! जोडलेन आणि बसले मुंबयला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दीड तास उभी होती माणसं उन्हात. शेवटी प्रीतम बोलला, बाबा, सहदेवकाका येतील, शिवा आता. तेव्हा शिवला. आणि तुम्ही आलात काय?"

मी म्हटलं, वहिनी, देवाशपथ सांगते, आम्ही ग्रुपवर नाहीच.

"नाहीत? रोज सकाळी पयला नमस्कार तुमचा असतो!"

आणि फोन ठेवला.

रात्री संदेशला विचारलं, नवा नंबर गावी कळवलेलास ना? म्हणाला, "हो, स्टेटसला टाकलेला ना तेव्हा!" ते स्टेटस एका दिवसात पुसलं जातं म्हणे. प्रीतमने मे महिन्यात नवा ग्रुप केला, घरटी एकच माणूस घेऊन, म्हणून संदेश त्यात नाही; आपल्या घरातून यांचा जुनाच नंबर घातला असणार. जुन्याचं रिचार्ज आपण बंद केलं, तो कंपनीने दुसऱ्या कुणाला दिला.

म्हणजे यांच्या नावाने दुसराच कोणी हात जोडतोय!

शनिवार, १३ सप्टेंबर

जुना नंबर लावला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी राम राम न म्हणता सरळ सुरुवात केली — आमच्या भावकीत तुम्ही काय करताय? माणूस मेला आमचा, आणि तुमच्या नमस्कारापायी आम्ही तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही!

तो म्हणाला, "चुकलं बाई. मला त्यातून निघता येत नाही. कोणाकडून तरी काढून घेतो."

यांना सगळं सांगितलं. लगेच प्रीतमला फोन लावला यांनी. दोघंही रडले. प्रीतम म्हणाला, "काका, त्या माणसाला आत्ता काढतो." मी म्हटलं, काढच. हे म्हणाले, "थांब, उद्या बघू."

बरं वाटायला हवं होतं. आम्हाला टाकलं नव्हतं. तरी सुतकात गणपती बसला तो बसलाच, भावोजी गेले ते आमची वाट बघत.

रविवार, १४ सप्टेंबर

सुतक फिटलं. दिवा लावला. आणि त्या माणसाचाच फोन आला. नाव आनंदा. खडवलीला एकटा राहतो, मुलगी लांब दिलेली.

"कार्ड घातलं, आन् काही दिवसांनी तुमचं गाव आलं फोनात. मला लिहायवाचायला येत नाही, बोललेलं तेवढं ऐकतो. सकाळी कोणीतरी राम राम घालतं, म्हणून हात जोडायचो. मग तो पोरगा रडत बोलला, बाबा गेले, सगळ्या भावकीने सुतक पाळा. म्हटलं, आपल्याला सांगितलंय तर पाळायला पाहिजे. दहा दिवस देवाला हात लावला नाही बाई. गणपतीही आणला नाही यंदा."

हे शेजारीच उभे होते. फोन घेतला आणि म्हणाले, "आनंदा, मी सहदेव."

संध्याकाळी हौसावहिनींना पोस्टकार्ड लिहिलं — पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं निघतो. बरोबर एकजण आहेत, त्यांचंही पान धरा. ग्रुपमधला तो नंबर काढू नये. आमचं म्हणून जे काही बरंवाईट असेल ते यापुढे कार्डाने कळवत जा, आणि हे कार्ड पोचल्याचं उलट टपाली कळवा.